वाळवी आणि आपली दफ्तरे

मराठ्यांच्या इतिहासाची साधने कोणी नष्ट केली, असा प्रश्न निघाला म्हणजे उत्तरे तयार असतात. कोणी लढाया व लुटालूट यांकडे बोट दाखवितो; कोणी १८२८ साली शनिवारवाडा जळाला त्यासारख्या आगींचे स्मरण देतो; तर कोणी जुने कागद रद्दीच्या भावाने वाण्याच्या दुकानात पोचविणाऱ्या वंशजांना दोष देतो. ही सर्व कारणे खरी आहेत. परंतु या आरोपींच्या रांगेत एक आरोपी क्वचितच उभा केला जातो. तो गाजावाजा करीत नाही, उजेडात येत नाही, आणि त्याचे काम संपेपर्यंत घरच्या माणसांना त्याचा पत्ता लागत नाही. पेटाऱ्याचे झाकण उघडावे, वरचा कागद जसाच्या तसा दिसावा, आणि तो उचलताच खाली मातीचा भुगा हाती यावा, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना या आरोपीचे नाव सांगावयास नको. तो आरोपी म्हणजे वाळवी.

परक्या विद्वानांनी आपल्यावर एक आक्षेप वारंवार घेतला आहे, की हिंदी लोकांस इतिहासाची दृष्टी नाही, म्हणून त्यांच्याकडे जुने कागद नाहीत. त्यावर पुष्कळ शाब्दिक लढाया झाल्या. त्यांत एका बारीकशा कीटकाची साक्ष कोणी फारशी काढली नाही. ती साक्ष आक्षेपकांच्या बाजूची आहे की आपल्या, हे तपासून पाहण्याचा या लेखात आमचा विचार आहे. साक्ष पुरती ऐकली तर ती थोडी दोघांच्याही विरुद्ध जाते, असे आम्हांस वाटते.

प्रथम आरोपीची ओळख. इंग्रजांनी वाळवीला पांढरी मुंगी म्हटले आणि आपणही कित्येकदा तसेच म्हणतो. परंतु ती मुंगी नव्हे. मुंगीची कंबर बारीक, वाळवीची जाड. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, वाळवीच्या मण्यांच्या माळेसारख्या सरळ. पंख फुटलेल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे व मागचे लहान, तर वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे. कुळाचा विचार केला तर मुंगी ही गांधीलमाशीची नातलग आणि वाळवी ही झुरळाची. हे नाते शास्त्रज्ञांना बऱ्याच दिवसांपासून जाणवत होते. २००७ साली आनुवंशिक पुराव्याने ते पक्के झाले. मुंगी तर वाळवीची वैरीण आहे. मराठी माणूस जेथे जेथे जाऊन राहिला तेथे तेथे त्याला ही वाळवी निरनिराळ्या नावांनी भेटली: माळव्यात व दिल्लीत दीमक, गुजराथेत उधई, हैदराबादेस चेदलु, कर्नाटकात गेद्दलु, तंजावरास करैयान. नाव कोणतेही असो, करणी एकच. कामकरी वाळवी बहुधा आंधळी असते, तिची त्वचा नाजूक असते, आणि कोरड्या हवेत ती फार काळ जगू शकत नाही. म्हणूनच ती मातीची झाकलेली वाट बांधून त्या आडोशाने चालते. तिला दोन गोष्टी लागतात, ओल आणि निवांतपणा. तिचा सारा इतिहास या दोन शब्दांत आला आहे.

ओलीचा धागा आपल्या पूर्वजांनी फार जुन्या काळी पकडला होता. शतपथ ब्राह्मणात एक कथा आहे. यज्ञाचे श्रेय मिळाल्याने विष्णू गर्वाने फुगला आणि चढविलेल्या धनुष्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. देवांना त्याच्यावर चाल करण्याचे धैर्य होईना. तेव्हा उपदीका पुढे झाल्या. या उपदीका अथवा वम्री म्हणजेच आपली वाळवी. धनुष्याची दोरी कुरतडली तर काय द्याल, असा त्यांनी सौदा केला. अन्नाचा उपभोग आणि वाळवंटातही पाणी सापडण्याची शक्ती, असा वर ठरला. त्यांनी दोरी कुरतडली. धनुष्याची टोके सुटली आणि विष्णूचे मस्तक तुटले. या कथेचा याज्ञिक अर्थ आम्ही येथे पाहात नाही. आम्हांस कौतुक वाटते ते निरीक्षणाचे. बलाढ्यांना जे उघड साधले नाही ते वाळवीने खालून, न दिसता साधले. आणि तिच्या पदरी पाणी शोधण्याची विद्या आहे, हेही कथाकाराला ठाऊक होते. पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत भूमिगत पाण्याच्या खुणा सांगितल्या, तेव्हा अमुक झाडाजवळ वारूळ असेल तर अमुक दिशेस पाणी लागेल, असे त्याने कितीतरी वेळा लिहिले. दक्षिण कोकणात आणि गोमंतकात सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपाने होते, तिच्या मुळाशीही भूमीच्या या ओलसर, सुपीक शक्तीची जाणीव असली पाहिजे. रानातले वारूळ पूज्य ठरले. तेच प्राणी घराच्या जोत्याखालून वर येऊ लागले म्हणजे मात्र गोष्ट निराळी होते.

वाळवीच्या आधुनिक अभ्यासाचा प्रारंभही आपल्याला जवळच्या अशा एका भूमीत झाला. तंजावरच्या मराठी राज्याच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी हे डेन्मार्ककरांचे ठाणे १६२० पासून होते. तेथे १७६८ साली योहान गेरहार्ड कोनिग नावाचा वैद्य येऊन दाखल झाला. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा तो शिष्य. पुढे तो अर्काटच्या नबाबाच्या आणि मग ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गेला. दक्षिण भारतातील वाळवीवर त्याने लिहिलेला निबंध १७७९ साली बर्लिन येथे जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. त्या वेळी तंजावरच्या गादीवर तुळजाजी महाराज होते. कोनिगने वारुळाची रचना पाहिली, तशीच लोकरीतीही पाहिली. वारुळाला वाऱ्याच्या तोंडाशी व पाठीशी अशी दोन भोके पाडून एकीकडून धूर घालावयाचा आणि दुसरीकडे सुगंधी पाला चोळलेल्या मडक्यात पंखवाल्या वाळव्या पकडावयाच्या, त्या पिठात मिसळून त्यांचे खाद्य करावयाचे, आणि ते अति झाले तर पोट बिघडावयाचे, हे सर्व त्याने नोंदविले आहे.

ज्या राज्यात हे निरीक्षण झाले त्याच राज्यात थोड्याच वर्षांनी कागद आणि ताडपत्र यांचे एक मोठे भांडार उभे राहिले, ही योगायोगाची पण मनात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. तुळजाजींचे दत्तक पुत्र सरफोजी महाराज १७९८ पासून १८३२ पर्यंत गादीवर होते. सरस्वती महाल ग्रंथालयाला आजचे वैभव आले ते त्यांच्यामुळे. दमट हवा, मुबलक पाऊस, कावेरीच्या पाटांनी सदैव भिजलेली जमीन. वाळवीला याहून अनुकूल प्रदेश शोधून सापडणार नाही. अशा ठिकाणी संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी पोथ्या आणि मोडी कागदांची बाडे टिकली, ती आपोआप टिकली नाहीत. वेखंड, कापूर, दालचिनी, लवंग, मिरे अशा द्रव्यांची पूड पुरचुंड्यांत बांधून पोथ्यांजवळ ठेवण्याची रीत तेथे होती. ताडपत्रांना तेलाचा हात दिला जाई. पण या साऱ्याहून महत्त्वाचे होते ते राबते घर. पंडित पोथ्या काढीत, वाचीत, नकला करीत. आणि याच राजाने १८०३ साली भोसले वंशाचा मराठी इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर दगडात कोरवून घेतला. त्याच्या मनात वाळवी होती असे आम्ही म्हणत नाही. तथापि कागदावरचा इतिहास आणि दगडावरचा इतिहास यांच्या आयुष्यात किती अंतर असते, हे दमट हवेत राहणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

आता आक्षेपकांच्या मुलखाकडे वळू. तेथेही वाळवीने हेच केले आहे. हेन्री स्मीथमन याने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वाळवीचा वृत्तांत १७८१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला, तेव्हा युरोपच्या विद्वानांना प्रथमच समजले की वरून धडधाकट दिसणारा खांब आतून नुसते टरफल असू शकतो. १७९९ ते १८०४ या काळात दक्षिण अमेरिकेत हिंडलेल्या हुम्बोल्टने लिहून ठेवले आहे, की त्या उष्ण प्रदेशात पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा कागद सापडणे अत्यंत दुर्मिळ, आणि त्याचे कारण वाळवी. तेथे दफ्तर ठेवणारे स्पॅनिश होते. त्यांना इतिहासाची दृष्टी नव्हती असे कोणी म्हणत नाही. फ्रान्समधील ला रोशेल या बंदरात वाळवी शिरली आणि सरकारी कचेरीच्या दफ्तरखान्यापर्यंत जाऊन पोचली. १८५३ च्या सुमारास कात्रफाज या निसर्गशास्त्रज्ञाने त्याची पाहणी केली. त्याचे वर्णन वाचताना आपण फ्रान्समध्ये नसून एखाद्या पडक्या वाड्याच्या माळ्यावर आहोत असे वाटते. पेट्यांतील गठ्ठ्यांचे वरचे पान आणि कडा जशाच्या तशा होत्या. मधला मजकूर तेवढा नाहीसा झाला होता. त्यानंतर तेथील कागद जस्ताच्या पेट्यांत ठेवावे लागले. सेंट हेलेना बेटावरची कथा तर शहरच्या शहर पोखरले गेल्याची आहे. १८४० च्या सुमारास गुलामांची वाहतूक करणारे एक पकडलेले जहाज तेथे मोडण्यात आले आणि त्याच्या लाकडातून वाळवी बेटावर उतरली. पुढील काही दशकांत जेम्सटाउन गावातील घरांच्या तुळया, चौकटी, छपरे यांची इतकी दैना झाली की पुष्कळ इमारती नव्याने बांधाव्या लागल्या.

या साक्षीचा निष्कर्ष उघड आहे. उष्ण आणि दमट हवेत जुना कागद न सापडणे ही काही त्या लोकांच्या बुद्धीची परीक्षा नव्हे. आक्षेपकांना एवढे उत्तर पुरेसे आहे. परंतु आपल्या समाधानासाठी एवढ्यावर थांबता येत नाही. कारण आपले पूर्वज या शत्रूपुढे हात जोडून बसले नव्हते, आणि त्यांच्या साधनांकडे पाहिले म्हणजे आपल्या हातून काय सुटले तेही दिसू लागते.

जुना वाडा बांधणारा सुतार लाकडी खांब जमिनीत पुरीत नसे. खांबाखाली तो दगडी तळखडा बसवी. त्यामुळे खांब देखणा दिसे हे खरे. पण लाकडाचा मातीशी संबंध तुटे, आणि वाळवीला दगडावरून उघड्यावर वाट बांधावी लागे, ती रोज झाडणाऱ्याच्या दृष्टीस पडे. उंच दगडी जोते, सागवानाचा तांबडा गाभा वापरून वरचे पांढरे लाकूड टाकून देणे, जमिनीलगतच्या लाकडाला डांबर किंवा काजूच्या टरफलांचे तेल लावणे, हे सर्व त्याच शास्त्रातले होते. कागदाच्या बाबतीत हरताळ आणि मोरचूद ही दोन द्रव्ये मुख्य होती. हरताळ म्हणजे सोमलाचे पिवळे खनिज. चुकलेल्या अक्षरांवर लेखक ते लावून मजकूर झाकीत. एखाद्या कामावर हरताळ फासला, हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आला. काही पोथ्यांचे कागद सबंधच हरताळाने पिवळे केलेले असत, आणि त्या विषारी लेपामुळे किडे दूर राहात. मोरचूद बांधणीच्या खळीत घालीत, कारण खळ हे किड्यांचे आवडते खाद्य. पोथीच्या शेवटी लेखक जी विनवणी लिहून ठेवी, तीत पाणी, तेल आणि उंदीर यांच्याबरोबर सैल बांधणीपासून जपा, असेही सांगितलेले असे. घट्ट बांधलेल्या पोथीत हवेची ओल आणि किडे सहज शिरत नाहीत, हा त्यातला मर्माचा भाग.

सोमल आणि तांबे या जुन्या जोडीचे पुढे जे झाले ते मोठे मनोवेधक आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत डॉ. सोंटी कामेशम् यांनी १९३३ साली लाकूड टिकविण्याचे एक मिश्रण सिद्ध केले. त्यात सोमल होता, मोरचूद होते, आणि ही दोन्ही पावसाने धुपून जाऊ नयेत म्हणून क्रोमियमचा क्षार घातला होता. सोमल व तांबे यांच्या रासायनिक चिन्हांवरून त्याला ‘अॅस्क्यू’ असे नाव मिळाले. तारायंत्राचे खांब, रेल्वेचे स्लीपर, घरांचे लाकूड यांसाठी हे मिश्रण आणि त्याची भावंडे जगभर वापरली गेली. सोमलाच्या विषारीपणामुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती लाकडातून ते मागे घेण्यात आले. पण सत्तर वर्षे जगाची घरे राखणारा हा उपाय भारतात जन्मला, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

दुसऱ्या महायुद्धानंतर आल्ड्रिन, डिल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर अशा क्लोरीनयुक्त विषांचे युग आले. पाया खणतानाच जमिनीत औषध भिजवून घराभोवती विषाचे कडे करावयाचे, ही पद्धत रूढ झाली. भारतीय मानक संस्थेने १९७१ साली तिचे नियम घालून दिले. ही विषे वर्षानुवर्षे जमिनीत टिकत, म्हणूनच ती परिणामकारक होती. आणि नेमक्या त्याच गुणामुळे ती अन्नात, पाण्यात आणि मनुष्याच्या चरबीत साठू लागली. २००१ च्या स्टॉकहोम कराराने ही चारही विषे वर्ज्य ठरविली. त्यानंतर सौम्य व कमी टिकाऊ औषधे आली. १९९५ पासून अमेरिकेत एक निराळीच युक्ती बाजारात आली. वाळवीला आवडणाऱ्या लाकडात कात टाकण्याची क्रिया रोखणारे द्रव्य अल्प प्रमाणात मिसळून ते जमिनीत ठेवावयाचे, म्हणजे कामकरी वाळव्या ते आपण होऊन घरी नेतात, एकमेकींना भरवितात, आणि काही महिन्यांत वसाहत निकामी होते. शत्रूच्याच वाटेने त्याच्या राजधानीत शिरण्याचा हा गनिमी कावा आहे.

येथे खऱ्या मुंग्यांविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण भिंतीत लपून राहण्याची विद्या त्यांनाही अवगत आहे. फारो मुंगी नावाची एक इवलीशी पिवळसर मुंगी जगभरच्या घरांत आणि इस्पितळांत आढळते. लिनियसने तिचे नामकरण १७५८ सालीच केले होते. भिंतीच्या फटीत, फरशीखाली, कागदांच्या घड्यांतही ती घर करते. तिच्या रांगेवर कोणी रागाने औषध फवारले की वसाहत मरत नाही. ती फुटते, आणि एका जागेच्या चार जागा होतात. म्हणून जाणते लोक रांग मोडीत नाहीत. ती कोठून येते ते शांतपणे पाहतात आणि सावकाश परिणाम करणारे आमिष तिच्या वाटेवर ठेवतात. वाळवीच्या बाबतीतही भिंतीवरची मातीची रेघ झाडूने पुसून टाकणारा स्वतःची समजूत घालतो. रेघ पुसली जाते, वाट राहते. आधी माग काढावा, मग घाव घालावा, हा नियम दोघींनाही लागू आहे.

आता आपल्या दफ्तरांकडे येऊ. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, आणि पुढे आयुष्यभर पायपीट करून गावोगावचे पेटारे उघडविले. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी कागद वाचून ते लोकांपुढे मांडले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या सेवेत उमेदीची वर्षे घालविलेले गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड छापून निघाले. ग्वाल्हेरीस आनंदराव भाऊ फाळके यांनी कोट्याच्या गुळगुळे घराण्याच्या दफ्तरातून शिंदेशाहीची साधने प्रसिद्ध केली. कोटा हे राजपुतान्यातले गाव; तेथे बसून एका मराठी घराण्याने शिंद्यांचा कारभार पाहिला आणि कागद जपले, म्हणून चंबळेपलीकडच्या मराठी इतिहासाचा एवढा भाग आपल्या हाती आला.

या सर्वांच्या कामात एक गोष्ट समान आहे. जो कागद बाहेर काढला गेला, उलगडला गेला, वाचला गेला, तो वाचला. आपल्या भाषेत ‘वाचणे’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. दफ्तराच्या बाबतीत ते दोन्ही एकच ठरतात. वाळवीला ओल आणि निवांतपणा लागतो, असे आम्ही वर म्हटले. ओलीचा बंदोबस्त गवंड्याने व सुताराने करावा. निवांतपणाचा बंदोबस्त मात्र वाचकावाचून दुसऱ्या कोणाला करता येत नाही. ज्या वतनांच्या आणि इनामांच्या सनदा १८५२ नंतर इनाम कमिशनपुढे दाखवाव्या लागल्या, त्या कुटुंबांनी जिवापाड सांभाळल्या, कारण त्या वारंवार काढाव्या लागत. ज्या पत्रांत पैशाचा संबंध नव्हता, नुसती सुखदुःखे, लढाईच्या बातम्या, लेकी-सुनांच्या तब्येती होत्या, ती पेटाऱ्याच्या तळाशी गेली आणि मातीला मिळाली. आम्हांला आज जे हवे आहे ते नेमके तेच होते.

हे केवळ आमचे तर्कट नव्हे, याला जैन ग्रंथभांडारे साक्ष आहेत. पाटण आणि जैसलमेर येथील भांडारांत अकराव्या-बाराव्या शतकातील ताडपत्रे आजही आहेत. जैसलमेरची हवा कोरडी, हे एक कारण खरे. परंतु पाटणला ते तितके लागू पडत नाही. श्वेतांबर जैन कार्तिक शुद्ध पंचमीस आणि दिगंबर ज्येष्ठ शुद्ध पंचमीस ज्ञानाचा सण पाळतात. त्या सणाच्या निमित्ताने पोथ्या बाहेर काढावयाच्या, झटकावयाच्या, वेष्टने बदलावयाची आणि पुन्हा बांधून ठेवावयाच्या, अशी वहिवाट आहे. पावसाळा सरल्यावर आलेली कार्तिकी पंचमी आणि पाऊस तोंडावर असताना आलेली ज्येष्ठातली पंचमी, या दोन्ही तिथी ओलीचे गणित जाणणाऱ्यांनी निवडल्यासारख्या आहेत. आपल्याकडेही दसऱ्याला पोथ्या-पुस्तके पाटावर मांडून सरस्वतीपूजन होते. मात्र पूजेला घेतलेली पोथी उलगडली जाते का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

सरकारनेही या दिशेने पावले टाकली. १८९१ साली कलकत्त्यास मध्यवर्ती दफ्तरखाते स्थापन झाले. पुढे ते दिल्लीस आले आणि स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय अभिलेखागार म्हणून ओळखले जाऊ लागले. संक्रमणाच्या काळात मराठी राज्यकारभाराचे थोर अभ्यासक डॉ. सुरेंद्रनाथ सेन हे तेथे प्रमुख होते. परंतु सरकारी दफ्तरखान्याला आपल्या माळ्यावरचा पेटारा दिसत नाही. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर, झाशी, सागर, बडोदे, हैदराबाद, तंजावर, काशी येथे पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांत मोडी रुमाल अजूनही असतील. नातवंडांना मोडी येत नाही, कित्येकांना मराठीही जेमतेम येते. म्हणून गाठ सुटत नाही. आणि गाठ सुटत नाही म्हणजे काय होते, ते आम्ही वर सांगितले.

म्हणून शेवटी व्यवहाराचे चार शब्द. पहिला पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी दिव्याखाली किंवा खिडकीच्या चौकटीत सारख्या लांबीच्या पंखांचा सडा पडला, तर घराची पाहणी लांबणीवर टाकू नये. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंती, गळका नळ, दाराच्या चौकटींचे पाय, भिंतीत बसविलेल्या फडताळांच्या पाठी, ही तिची आवडती ठिकाणे. मातीची पेन्सिलीएवढी जाड रेघ दिसते का पाहावे. लाकडावर बोटांनी टकटक करावे. पोकळ आवाज आला तर टोचा लावून पाहावा. कोरड्या लाकडात राहणारी एक जातही आहे. ती मातीची वाट बांधीत नाही, पण खसखशीसारख्या बारीक कणांची रास खाली सोडते. माग सापडला की प्रथम ओल बंद करावी, आणि मग जाणत्या माणसाकडून जमिनीचा उपचार करवावा. कागदांचे कपाट भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच असावे. वेखंड आणि डांबरगोळ्या यांनी कसर दूर राहील, वाळवी मात्र राहणार नाही. बाधलेला रुमाल निघाला तर त्यावर रॉकेल किंवा पावडर टाकू नये, ओल्या फडक्याने पुसू नये, कारण काजळाची शाई पाण्याने फुटते. कडक उन्हातही घालू नये, त्याने कागद ठिसूळ होतो. सावलीत पांढऱ्या कापडावर तो उलगडावा, मऊ कुंचल्याने माती झाडावी, तुकडे फेकून न देता क्रमाने ठेवावे, प्रत्येक कागदाचे छायाचित्र घ्यावे, आणि जवळच्या अभिलेखागारास किंवा मोडी जाणणाऱ्यास दाखवावा.

छायाचित्र घेणे आज मुलालाही जमते. राजवाड्यांना हे साधन मिळाले असते तर त्यांनी काय केले असते, याची कल्पनाच केलेली बरी. आपल्याजवळ साधन आहे. उणीव आहे ती वर्षातून एकदा माळ्यावर चढण्याची. वाळवीने आमचा इतिहास खाल्ला, हे खरे. पण तिने खाल्ला तो आम्ही वाचावयाचा सोडून दिलेला इतिहास होता, हेही तितकेच खरे आहे. यंदाच्या दसऱ्याला पाटावर पोथी मांडणाऱ्या प्रत्येक घराने माळ्यावरचा एक तरी रुमाल खाली आणून सोडावा, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.